फंगस आणि हेझ: जुनी रेंजफाइंडर लेन्स घेण्यापूर्वी

गोव्यात जुनी लेन्स हातात आली की पहिली चौकशी होते ती फंगसची. ते बरोबरच आहे. जून ते सप्टेंबर इथे चामड्याच्या चपला, पुस्तकं, कपाटातले कपडे, कशालाही बुरशी सोडत नाही. काचेला का सोडेल? पण या भीतीतून एक घोटाळा सतत होताना दिसतो. लेन्सच्या आत काहीही पांढुरकं दिसलं की त्याला फंगस म्हणायचं आणि लेन्स परत करायची. नाहीतर विकणाऱ्याने "फंगस अजिबात नाही, नुसतं थोडं हेझ आहे" (हेझ म्हणजे काचेवरचा धुरकट पडदा) म्हटलं की निर्धास्त होऊन पैसे मोजायचे. यातली दुसरी चूक जास्त महागात पडते, आणि रेंजफाइंडर, म्हणजे लेन्समधून नव्हे तर बाजूच्या खिडकीतून बघायचा कॅमेरा, वापरणाऱ्यांना तर हमखास पडते.

फंगसबद्दल फार सांगत बसत नाही, इथल्या माणसाला ती ओळखू येते. बारीक तंतू, त्यांना फुटलेले फाटे, बहुतेकदा काचेच्या कडेकडून आत सरकणारे. या बुरशीतून आम्लं सुटतात, ती आधी काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, खातात आणि फारच दुर्लक्ष झालं तर काचही. मात्र कडेला दोन-चार तंतू असतील तर फोटोत त्यांचा मागमूसही लागत नाही. अशी लेन्स स्वस्तात मिळत असेल तर मी बेलाशक घेतो, साफ करून घेतो आणि वापरतो. "एका लेन्सची फंगस दुसरीला लागते" या भीतीनेही लोक चांगला माल सोडून देतात. बुरशीचे बीजाणू आपल्या हवेत सगळीकडे आहेतच. दोन्ही लेन्स एकाच दमट कपाटात, जुन्या चामडी केसमध्ये ठेवल्या तर दोघींनाही बुरशी येणार. आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांवर ठेवणारा ड्राय बॉक्स घ्या आणि त्या चामडी केस बाहेर काढा, एवढं पुरे.

हेझचं मूळ वेगळं आहे. फोकस रिंगच्या आट्यांना लावलेलं ग्रीस पन्नास-साठ वर्षांत सुटं होतं. त्यातलं तेल उष्णतेने हळूहळू उडतं, अ‍ॅपर्चरच्या (आत उजेड किती यावा ते ठरवणाऱ्या छिद्राच्या) पात्यांवर येतं आणि आतल्या काचांवर सूक्ष्म थेंबांचा पापुद्रा बनून बसतं. म्हणजे हे बाहेरून आलेलं नाही, लेन्सच्याच पोटातलं आहे. म्हणून ड्राय कॅबिनेटने हेझ थांबत नाही. कॅबिनेटवर भरपूर पैसे घालून लेन्स आता सुरक्षित आहे असं समजणारे भेटतात आणि तेच लोक मे महिन्यात कॅमेऱ्याची बॅग बंद गाडीत ठेवून मिरामारला फिरायला जातात. गाडीतल्या त्या तापमानाला ग्रीस पातळ व्हायला वेळ लागत नाही.

याच कारणासाठी "लेन्स उन्हात ठेवा, बुरशी मरते" हा सल्ला ऐकला की मला राग येतो. उन्हाने तंतू काचेवरून निघत नाहीत, खाल्लेलं कोटिंग परत येत नाही, आणि वर ग्रीस सुटून हेझची तयारी होते. लेन्स कॅमेऱ्याला लावूनच उन्हात ठेवलीत आणि तो स्क्रू माउंटचा (लेन्स आट्यांनी फिरवून बसवायचा) किंवा फिल्मवर चालणारा एम मालिकेतला लायका असेल, तर सूर्याचा ठिपका कापडी शटरवर पडून त्याला भोक पडू शकतं.

आता मुद्द्याचं. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, त्यामुळे काच धुरकट असेल तर निदान शंका तरी येते. रेंजफाइंडरमध्ये आपण बघतो ते बाजूच्या वेगळ्या खिडकीतून. लेन्स पार गढूळ झाली असली तरी समोरचं दृश्य लख्ख दिसतं, फोकसच्या दोन्ही प्रतिमा नीट जुळतात, शटर चालतं. फिल्म धुऊन येते तेव्हा फोटो फिके. मग दोष जातो लॅबला, फिल्मला, मीटरला. घराघरांत असलेल्या याशिका इलेक्ट्रो 35 किंवा कॅननेटचंही हेच. गल्फमधून किंवा बोटीवरून कुणीतरी आणलेला, कपाटात राहिलेला तो कॅमेरा बाहेरून नवा दिसतो आणि आतली काच दुधाळ झालेली असते.

कडेची फंगस फोटोत दिसत नाही, पण हेझ दिसतं, कारण ते साऱ्या काचेवर पसरलेलं असतं. आत येणारा उजेड त्यावर विखुरतो आणि सावलीच्या जागीही पांढरेपणा पसरतो. चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली) उभं राहून मागच्या खिडकीच्या दिशेने फोटो काढा, म्हणजे कळेल. स्वच्छ लेन्समध्ये नारळ, सुपारीची शिपटी, पानं वेगवेगळी दिसतात. हेझवाल्या लेन्समध्ये खिडकीचा उजेड सगळ्यावर सांडतो आणि काळं काही उरतच नाही.

यालाच काही जण "व्हिंटेज कॅरेक्टर" म्हणतात, आणि हे मला मुळीच मान्य नाही. जुन्या वेगवान (जास्त उजेड आत घेणाऱ्या) लेन्सची स्वतःची एक झळाळी असते. लायकाची 5 सेमी एफ/1.5 समारिट पूर्ण उघडी ठेवली की कडांभोवती मऊ उजेड येतो. पण ती रचनेतून आलेली गोष्ट आहे, छिद्र एफ/5.6 पर्यंत लहान केलं की ती जाते आणि चित्र कडक होतं. हेझचा पडदा एफ/8 लाही तसाच राहतो. हा फरक तपासायला मिररलेस कॅमेरा आणि एक स्वस्त अ‍ॅडाप्टर पुरतो: खिडकीसमोर एक फोटो पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला, एक एफ/8 ला. दुसराही धुरकट असेल तर ते कॅरेक्टर नाही. युद्धापूर्वीच्या, कोटिंग नसलेल्या, लायकाच्या समारसारख्या लेन्समध्ये थोडा फिकेपणा अंगचाच असतो, तेवढी सूट द्या.

कॅमेरा नसेल तर मोबाइलचा टॉर्च. खोलीत अंधार करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, टॉर्च लेन्सच्या मागे जरा तिरका धरा, म्हणजे उजेड थेट डोळ्यात न येता काच उजळेल. तंतू दिसले तर फंगस. तंतू नाहीत, पण काचेवर सरसकट राखाडी साय किंवा बारीक दाणे दिसले तर हेझ. पांढऱ्या कागदावर धरून बघितलं तर यातलं काहीच दिसत नाही, आणि विकणारे फोटो काढतात ते नेमके तसेच. म्हणून टॉर्चचा फोटो मागायचाच. टॉर्चमध्ये धूळही भयंकर दिसते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. जोडलेल्या काचांच्या कडेला इंद्रधनुषी रंग दिसले तर ते चिकटवण सुटल्याचं लक्षण, तो वेगळा आणि खर्चिक विषय.

हेझ आहे हे कळल्यावर लोक थांबतात, पण खरी किंमत यापुढच्या प्रश्नावर ठरते: हे पुसून जाणारं आहे की काच खाल्लेली आहे? तेलाचा पापुद्रा ताजा असेल तर कारागीर लेन्स उघडून तो पुसतो आणि काच नवीसारखी होते. वर्षानुवर्षं तसाच राहिला तर काही काचांचा पृष्ठभागच त्याखाली मरतो. मग कितीही पुसा, धुकं हटत नाही, आणि पॉलिश केली तर काचेची वक्रताच बिघडण्याचा धोका असतो. बाहेरून बघून हे खात्रीने सांगता येत नाही. "क्लीन करून मिळेल" असं छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रेत्यालाही येत नाही. तसं असतं तर त्याने साफ करूनच जास्त किमतीला विकली नसती का?

तरी अंदाज बांधता येतो. अ‍ॅपर्चर एफ/16 ला बंद करा आणि टॉर्च समोरून मारा. आता जे दिसतं ते पात्यांच्या पुढचं. मग मागून मारा, दिसेल ते पात्यांच्या मागचं. हेझ बहुधा पात्यांना लागून असलेल्या काचांवरच बसतं. बऱ्याच स्क्रू माउंट लेन्समध्ये पुढचा गट अख्खा फिरवून निघतो, त्यामुळे तिथपर्यंत पोचणं सोपं असतं आणि मजुरीही कमी. दुसरा आधार म्हणजे मॉडेल. कॅननची 50 मिमी एफ/1.8 स्क्रू माउंट भरपूर मिळते आणि स्वस्त मिळते. पण तिची पात्यांच्या मागची काच हेझने कायमची खराब झालेली वारंवार आढळते. तिच्या तुलनेत कॅननचीच 50 मिमी एफ/1.4 फार क्वचित अशी बिघडते. मी एफ/1.8 चा मोह सोडून थोडे जास्त पैसे एफ/1.4 वर घालीन. समारिटमध्ये हेझ नेहमीचंच, शिवाय तिची पुढची काच मऊ, म्हणून पुसण्याचे ओरखडेही असतात. ती दोन्ही बाजूंनी तपासल्याशिवाय घेऊ नका. लायकाची 5 सेमी एफ/3.5 एल्मार मला या बाबतीत सगळ्यात आवडते. चारच काचा, त्याही तीन गटांत, उघडायला सोपी, आणि हेझ असलं तरी पुसायचे पृष्ठभाग कमी.

किंमत ठरवताना माझा हिशेब पक्का आहे. हेझ असलेली लेन्स ती कधीच साफ होणार नाही असं धरून मोजायची. त्या भावातही परवडत असेल तरच घ्यायची. साफ झाली तर फायदा आपला. स्वच्छ लेन्सच्या भावातून नुसती सफाईची मजुरी वजा करून सौदा करणं मला पटत नाही, कारण काच मेलेली निघाली तर सगळा तोटा आपल्याच माथी. दुरुस्तीला लेन्स मुंबईला फोर्टमध्ये पाठवावी लागली तर जाण्यायेण्याचा आणि विम्याचा खर्चही त्यातच धरा. फंगसचं मात्र उलट. तिचं नाव ऐकूनच गिऱ्हाईक पळतं, म्हणून कडेच्या दोन तंतूंवर भाव बराच खाली येतो, आणि आपल्याकडे तिथेच चांगला माल हाती लागतो.

ही सगळी तपासणी नको असेल, तर 1999 पासून कोसिनाने फोग्टलेंडर नावाने काढलेल्या स्क्रू माउंटच्या लेन्स बघा. जुन्या लायकांवर त्या तशाच बसतात, एम बॉडीवर रिंग लावून. ग्रीस तुलनेने नवं, कोटिंग आधुनिक. 35 मिमी एफ/2.5 कलर-स्कोपार आकाराने इतकी लहान की खिशात मावते, आणि पणजीतल्या फोंताइन्याशच्या अरुंद गल्ल्यांत दुपारच्या कडक उन्हात समोरून उजेड आला तरी ती सावलीतला काळा काळाच ठेवते.