‘द बॉरोअर्स’ मागवताना पुस्तकाचा क्रमांक अवश्य सांगावा

सप्रेम नमस्कार.

माणसांच्या घरात लपून राहणाऱ्या आणि त्यांच्या वस्तू न विचारता नेणाऱ्या एका चिमुकल्या कुटुंबाची गोष्ट सांगणारी मेरी नॉर्टन यांची ‘द बॉरोअर्स’ ही पाच इंग्रजी पुस्तकांची मालिका आमच्या घरपोच बालवाचनालयात कपाटात फारशी थांबतच नाही, आणि आमची जास्तीत जास्त फुकट खेपही तिच्याच पायी होते. यात वाचकांचा दोष नाही. पुस्तकांची नावेच घोटाळा करणारी आहेत. पहिल्या पुस्तकानंतरच्या चारही नावांतला शेवटचा शब्द ‘अ’ने सुरू होतो : ‘अफील्ड’, ‘अफ्लोट’, ‘अलॉफ्ट’ आणि ‘अव्हेंज्ड’. फोनवर घाईघाईत सांगितलेले ‘अफ्लोट’ आम्हाला ‘अलॉफ्ट’ ऐकू येते, आमचा मुलगा सायकलवरून चौथे पुस्तक पोहोचवून येतो आणि घरी तिसऱ्याची वाट पाहणारे मूल हिरमुसते.

गेल्या पावसाळ्यात पाचवीतली एक वाचक मुलगी आईबरोबर पुस्तक परत घेऊन आली आणि ‘मधली पाने गळाली आहेत’ असे तिने ठामपणे सांगितले. आम्ही तिच्यासमोर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत अंक तपासले. एकही पान कमी नव्हते. दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस तिने गोष्टीतल्या ज्या कुटुंबाला त्यांच्या एका नातेवाइकाच्या बिऱ्हाडी, एका झोपडीच्या भिंतीआड सोडले होते, ती माणसे या चौथ्या पुस्तकात होडीतून एका चिमुकल्या गावाला येऊन लागत होती. गळाले होते ते पान नव्हे, मधले आख्खे पुस्तक. तेव्हापासून आम्ही प्रत्येक प्रतीच्या कण्यावर मोठ्या आकड्याची चिठ्ठी चिकटवली आहे. कृपया नाव न सांगता तो आकडा सांगावा. आकडा आठवत नसेल तर वाचून झालेल्या पुस्तकात ते कुटुंब कशात राहत होते, एवढे मुलाला विचारावे. मुले हे कधीच विसरत नाहीत.

घड्याळाखाली राहत असतील, तर ते पहिले पुस्तक (1952). इंग्लंडमधल्या खेड्यातले एक जुने घर, त्यातल्या उंच घड्याळाच्या पायाशी असलेल्या बिळातून फरशीखाली उतरणारी वाट, आणि तिथे राहणारे पॉड, होमिली व त्यांची मुलगी अरिएटी. ही माणसे वीतभरही उंच नाहीत. टीपकागदाचा गालिचा, भिंतीवर तसबिरींच्या जागी टपालाची तिकिटे, काडेपेट्या एकावर एक रचून केलेले खणांचे कपाट असा त्यांचा संसार असतो. वाचकाने बूट सांगितला तर ते दुसरे (1955), किटली सांगितली तर तिसरे (1959), आणि राहण्याऐवजी फुग्यातून निसटणे सांगितले तर चौथे (1961). पाचवे पुस्तक तब्बल 21 वर्षांनी, 1982 मध्ये आले. त्यात त्यांचा मुक्काम एका जुन्या पाद्री-निवासात असतो. ‘पुअर स्टेनलेस’ हे सहावे पुस्तक आहे का, असेही विचारले जाते. ती होमिलीने मुलीला सांगितलेली जुन्या दिवसांची एक छोटी गोष्ट आहे, आणि पहिले पुस्तक झाल्यावर ती केव्हाही वाचता येते.

‘पहिले बाहेर गेले असेल तर दुसरे द्या, गोष्ट समजेल’ असा आग्रह काही पालक धरतात आणि आम्ही नाही म्हटल्यावर नाराज होतात. गोष्ट थोडीफार समजते, हे खरे आहे. परंतु पहिले पुस्तक एका हस्ताक्षरातल्या अक्षराच्या वळणावर संपते आणि आतापर्यंत वाचलेले सगळे खरे होते की नव्हते, अशी शंका मनात सोडून जाते. ती शंका मनात घेऊन दुसरे पुस्तक उघडण्यात जी मजा आहे, ती उलट्या क्रमाने वाचणाऱ्याला पुन्हा कधीही मिळत नाही. म्हणूनच पहिल्या पुस्तकाच्या आम्ही तीन प्रती ठेवल्या आहेत आणि नाव नोंदवल्यास ते सहसा आठवडाभरात मिळते. 2010 चा जपानी ॲनिमेशनपट पाहिलेल्या मुलांनीही पहिल्यापासूनच सुरुवात करावी, कारण तो चित्रपट पहिल्याच पुस्तकावर बेतलेला आहे आणि त्याची कथा जपानमध्ये घडत असल्याने मूळ पुस्तकात नवे वाचायला भरपूर उरते.

घरात जुना एकत्रित खंड असेल तर त्याचे मुद्रणवर्ष पाहून घ्यावे. वर ‘संपूर्ण’ असे छापलेले असले तरी 1982 पूर्वीच्या खंडात पाचवी कथा असणे शक्यच नाही. अशा वाचकांना फक्त पाचवे पुस्तक आम्ही वेगळे देतो. चित्रे निराळी दिसली म्हणून पुस्तक खोटे समजू नये : ब्रिटिश आवृत्तीतल्या पहिल्या चार पुस्तकांची चित्रे डायना स्टॅनली यांची, तर अमेरिकी आवृत्तीची बेथ आणि जो क्रश यांची आहेत. आमच्याकडे दोन्ही आहेत. आम्हाला स्वतःला क्रश दांपत्याच्या चित्रांतली बारीकसारीक वस्तूंची गर्दी अधिक आवडते, आणि लहान मुले त्या चित्रांवर बराच वेळ रेंगाळतात. तसेच ‘ह्यूमन बीइंग्ज’ (माणसे) ऐवजी छापलेले ‘ह्यूमन बीन्स’ ही छपाईची चूक नाही. फरशीखालच्या लोकांचा आपल्यासाठीचा शब्दच तो आहे. कृपया त्यावर पेन्सिलीने दुरुस्ती करू नये.

‘न विचारता वस्तू नेणाऱ्यांची गोष्ट मुलांना का द्यावी’, हा प्रश्न पुस्तकातल्या मुलालाही पडतो आणि तो अरिएटीला तोंडावर विचारतो. तिचे उत्तर मुलांनी वाचून त्यावर घरी वाद घालावा, असे आम्हाला मनापासून वाटते. हा मुलगा भारतात वाढलेला असून आजारपणामुळे इंग्लंडला आत्याआजीकडे आलेला आहे. दोन भाषांत वाढल्यामुळे त्याला नीट वाचता येत नाही, आणि त्याच्यापुढे बोटभर दिसणारी अरिएटी त्याला पुस्तके वाचून दाखवते. सेमी-इंग्रजीत शिकणाऱ्या आणि इंग्रजी पुस्तकाला बिचकणाऱ्या मुलांना आम्ही मुद्दाम हे पुस्तक सुचवतो व पहिली दोन प्रकरणे पालकांनी मोठ्याने वाचावीत, असे सांगतो.

एका वेळी एकच पुस्तक दिले जाते, मुदत वीस दिवसांची असते, आणि पाचही पुस्तके ओळीने वाचणाऱ्या वर्गणीदाराला पुढचे पुस्तक मागचे परत येताच, वेगळी नोंदणी न करता पाठवले जाते. भेट देण्यासाठी पूर्ण संच हवा असल्यास तोही मागवून देतो. परत पाठवताना कण्यावरची आकड्याची चिठ्ठी सुटली असेल तर ती पुस्तकातच ठेवून द्यावी; आम्ही ती पुन्हा चिकटवून घेऊ.