लाइफजॅकेट घातलंय, पण टेदर कुठे अडकवलाय?

एकट्याने शिडाची होडी हाकणाऱ्याला विचारावं, पाण्यात पडू नये म्हणून काय करता? उत्तर ठरलेलं: 'लाइफजॅकेट आहे की अंगावर!' ऐकून कान किटले. जॅकेट पडल्यानंतरचं साधन आहे, पडू न देणारं नव्हे.

जॅकेटबद्दल तुम्हाला माहीत आहेच. १५० न्यूटन तरंगशक्तीचं घ्या, मांड्यांमधला पट्टा आवळा, नाहीतर जॅकेट कानांपर्यंत वर सरकतं आणि नाक पाण्यात. जॅकेट फुगवणारी गॅसची नळकांडी घट्ट बसली आहे ना, तेवढं बघा. पुढे चला.

होडीवर चार माणसं असली तर कुणीतरी ती वळवून आणतं. एकटे असलात तर सुकाणू ऑटोपायलटकडे, आणि मालक गेल्याचा त्याला पत्ताही नसतो. ५ नॉट म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. डोळ्यांतलं खारं पाणी पुसेपर्यंत होडी हाकेच्या पलीकडे. पोहून गाठायचं विसरा.

म्हणून टेदर, म्हणजे छातीवरच्या हार्नेसपासून होडीपर्यंतचा पट्टा. इथवर बहुतेकांना पटतं, आणि खरा घोळ इथूनच सुरू होतो. होडीला बांधलेलं असणं म्हणजे होडीवर असणं नव्हे. नेहमीचा टेदर २ मीटरचा. तो डेकच्या कडेकडेने ताणलेल्या जॅकलाइनला (टेदर अडकवायला होडीच्या पुढून मागे बांधलेला दोर) अडकवलात, तर तोल गेल्यावर थेट कठड्याबाहेर. होडी चालूच, पाण्याचा लोट तोंडावर, पट्टा इतका ताणलेला की हुक हाताने सुटत नाही, वर चढायला आधार नाही. २०११ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ 'लायन' या होडीचा कप्तान टेदर लावलेला असतानाच कडेवरून पडला आणि होडीबरोबर फरफटत बुडाला. ओढून घ्यायला होडीवर माणसं होती, तरीही.

तेव्हा जॅकलाइन शक्य तितकी मधोमध घ्या, आणि डोलकाठीपाशी किंवा पुढच्या टोकाला काम असेल तेव्हा १ मीटरचा आखूड टेदर लावा. होडी ३ मीटर रुंद असेल तर मधल्या रेषेपासून कड दीड मीटरवर. पुढे तर ती आणखी जवळ. २ मीटर कुठे पोचतात, हिशेब तुम्हीच करा. जॅकलाइन भार आल्यावर ताणते, तेही धरा. बंदरात होडी बांधलेली असताना हुक अडकवून कठड्यावर वाका. कंबर बाहेर गेली तर पट्टा लांब आहे. दोन फाट्यांचा टेदर मला सगळ्यात आवडतो: एक लांब, एक आखूड, आणि एक अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही.

हुक आडवा अडकणार नाही हेही बघा. २०१७ च्या क्लिपर या जगप्रदक्षिणेच्या शिडाच्या शर्यतीत एकाचा हुक डेकवरच्या क्लीटखाली, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीखाली, अडकला, आडव्या ताणाने वाकून उघडला आणि तो माणूस गेला.

'वारा वाढला की लावू' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. केबिनच्या शिडीवर असतानाच हुक लागला पाहिजे. आणि लघवीला कठड्याशी उभे राहणाऱ्यांनो, बादली वापरा.

होडीमागे लांब दोर सोडणारेही आहेत. पाच नॉटला तो धरून राहायची ताकद किती वेळ पुरणार? त्या दोराच्या ओढीने ऑटोपायलट सुटून होडी वाऱ्यात तोंड करून थांबणार असेल, तरच त्याला अर्थ.

राहिलं जॅकेट. ते वेळ मिळवून देतं, पण त्या वेळात कुणी येणार असेल तर. म्हणून ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र, जॅकेटलाच बांधा. केबिनच्या कप्प्यातला पीएलबी होडीबरोबर पुढे निघून जातो.