कानातला प्रकाश आणि स्टेम सेल: आधी विचारा, गेलं काय?

‘प्रकाशाने बहिरेपण बरं होणार’ आणि ‘स्टेम सेलने बहिरेपण बरं होणार’ या दोन बातम्या एकाच दमात पुढे ढकलल्या जातात, जणू एकाच औषधाच्या दोन गोळ्या. याचा मला खरंच त्रास होतो, कारण मूल ऐकत नाही म्हणून धास्तावलेले आईबाप त्या वाचतात.

कॉक्लियर इम्प्लांट तुम्हाला माहीत असेलच. आतल्या कानातल्या केशपेशी, म्हणजे आवाज टिपून नसेला कळवणाऱ्या पेशी, गेल्या की इलेक्ट्रोड थेट श्रवणाच्या नसेला वीज देतो. प्रकाशाचं संशोधन त्याच वाटेवर आहे. वीज आजूबाजूला पसरते, पेटी बोटांऐवजी तळव्याने दाबावी तसे शेजारचे सूरही वाजतात. प्रकाश नेमक्या जागी टाकता येतो. जर्मनीत ग्योटिंगेनला टोबियास मोझर यांच्या गटाने 2018 मध्ये बहिऱ्या केलेल्या जर्बिलांना (उंदरासारखा छोटा प्राणी) असा प्रकाश ‘ऐकायला’ लावला.

घोळ होतो तो इथे. प्रकाश काहीही नवं उगवत नाही. मेलेल्या केशपेशी मेलेल्याच राहतात, त्यांना वळसा घातला जातो. त्यासाठी नस जिवंत हवी. शिवाय नसेला मुळात प्रकाश कळत नाही; शैवालातल्या प्रकाशसंवेदी प्रथिनाचा जीन विषाणूवाटे तिच्यात आधी घालावा लागतो. म्हणून क्लिनिकमध्ये कानात धरतात त्या लेझरचा या संशोधनाशी काडीचा संबंध नाही. दोन्हींना ‘लाइट थेरपी’ म्हणणं थांबवा.

स्टेम सेलचं, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींचं, काम उलट: गेलेली पेशी नव्याने आणणं. पण कुठली? केशपेशीच, असं सगळे धरून चालतात. ब्रिटनमधल्या शेफील्डच्या मार्सेलो रिव्होल्टा यांच्या गटाने 2012 मध्ये जर्बिलांच्याच कानात मानवी स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी सोडल्या, त्या नसेच्या पेशी परत आणायला. ऐकण्याचा उंबरठा (ऐकू येणाऱ्या सर्वांत हळू आवाजाची पातळी) सरासरी 46 टक्के सुधारला. या कामातून निघालेल्या उपचाराच्या माणसांवरच्या पहिल्या चाचणीला ब्रिटनमध्ये 2025 साली परवानगी मिळाली, तीही कॉक्लियर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेसोबत.

म्हणजे नस शाबूत आणि केशपेशी गेल्या, तर प्रकाशाची वाट; नसच गेली, तर शेफील्डची. एक दुसऱ्याला पर्याय नाहीच. (शांघायमधली बहिरी मुलं ऐकू लागल्याची 2024 ची बातमी यातली कुठलीच नाही. ती ओटोफर्लिन या एकाच जीनवरची जीन थेरपी.)

आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या नियमांनुसार रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कानात स्टेम सेल सोडायचं पॅकेज कुणी सांगितलं, तर उठून या. बाळाची ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या दोन्ही तपासण्या करून घ्या. पहिली केशपेशींचं काम पाहते, दुसरी नसेतून मेंदूच्या बुंध्यापर्यंतची वाट. आणि इम्प्लांट सुचवलं असेल, तर या बातम्यांपायी ते पुढे ढकलू नका. भाषा शिकायची वर्षं थांबत नाहीत.