कॅशचा टीटीएल आणि लीजचा टीटीएल

जालन्याच्या मोंढ्यात ‘कॅश’ म्हटलं की अडत्याचा हात गल्ल्याकडे जातो. आमच्या शेतमाल-भावाच्या ॲपमधली कॅश वेगळी. आज सोयाबीन कितीला गेलं हे दर वेळी डेटाबेसला विचारायला नको, म्हणून मेमरीत धरून ठेवलेलं उत्तर. ही कॅश चार सर्व्हरवर पसरली की डिस्कव्हरी सर्व्हिस लागते: कोणता कॅश सर्व्हर कुठल्या पत्त्यावर आहे आणि आत्ता जिवंत आहे का, हे सांगणारी.

घोळ होतो तो दोघांच्या तोंडवळ्यामुळे. दोन्हीकडे की (नोंदीचं नाव) आणि व्हॅल्यू (त्या नावाखालची माहिती), दोन्हीकडे मुदत, आणि त्या मुदतीला दोन्हीकडे टीटीएलच (टाइम टू लिव्ह) म्हणतात. मग पत्त्यांसाठी वेगळं काही कशाला उभं करायचं, म्हणून मी सर्व्हरचे पत्ते कॅशमध्येच ठेवून दिले होते. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक वाढली, ॲपवर झुंबड उडाली, मेमरी भरली. कॅशने तिच्या नियमाप्रमाणे बरेच दिवस कुणी न वाचलेल्या की हाकलल्या. आमचं ॲप पत्ते फक्त सुरू होताना वाचायचं, त्यामुळे पहिल्या झटक्यात पत्तेच गेले. चालू ॲपना काही कळलंच नाही. संध्याकाळी एक रीस्टार्ट केलं आणि त्याला जायला घरच सापडेना! चूक सगळी माझी. कॅशने तिचं काम चोख केलं होतं.

अडत दुकानाच्या फळ्यावर खडूने लिहिलेला भाव पुसला गेला तर बाजार समितीत विचारून परत लिहिता येतो. समितीच्या परवान्यांच्या वहीतलं पान गेलं तर विचारायचं कुणाला?

म्हणून मुदत संपण्याचा अर्थ बदलतो. कॅशमध्ये टीटीएल संपला म्हणजे माहिती शिळी झाली, डेटाबेसकडे जा. बिघडलं काही नाही. डिस्कव्हरीत सर्व्हरची नोंद लीजवर, म्हणजे सतत वाढवत राहावी लागणाऱ्या मुदतीवर असते; लीज संपली म्हणजे सर्व्हर मेला असं धरा. मेमकॅश्ड या कॅशच्या प्रोग्रॅमचे सर्व्हर एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत, एक गेला तर त्याच्याकडचं सगळं गेलं, आणि ते चालतं. डिस्कव्हरीच्या नोंदी ठेवणारं एटसीडी उलट: प्रत्येक नोंद राफ्ट नावाच्या पद्धतीने बहुमताने पक्की होते, म्हणून त्याचे तीन नोड (सर्व्हर) ठेवले तर एक पडलेला चालतो, दोन पडले की नवी नोंद होत नाही. झूकीपर या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लीजचं काम इफेमेरल नोड करतात, म्हणजे सर्व्हरचा संपर्क तुटला की आपोआप पुसल्या जाणाऱ्या नोंदी. नेटफ्लिक्सच्या युरेका या डिस्कव्हरी सर्व्हिसचा स्वभाव मात्र निराळा: काटेकोरपणापेक्षा काहीतरी उत्तर मिळणं तिला महत्त्वाचं वाटतं.

आता जोडणी. मेमकॅश्डला एटसीडी म्हणजे काय हे माहीतच नाही, त्यामुळे शेजारी एक छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो. तो दहा सेकंदांची लीज घेतो, तिच्यावर सर्व्हरचा पत्ता आणि ११२११ हा पोर्ट नोंदवतो आणि दर तीन सेकंदांनी लीज वाढवत राहतो. लीज वाढवण्याआधी त्याने मेमकॅश्डला ‘व्हर्जन’ कमांड देऊन उत्तर येतं का ते बघायलाच हवं. नाहीतर मेमकॅश्ड कधीचा आडवा झालेला आणि शेजारी मात्र ‘आहे, आहे’ म्हणून हजेरी लावतोय. (पत्ता म्हणून लोकलहोस्ट, म्हणजे ‘हेच मशीन’, असं नोंदवणारा वीर दर वर्षी एखादा तरी भेटतो. मग प्रत्येक ॲप स्वतःच्याच घरात कॅश शोधत बसतं.)

ॲप एटसीडीतल्या पत्त्यांच्या यादीवर वॉच लावून बसतं, म्हणजे काही बदललं की कळव असं सांगून ठेवतं. लीज संपली की एटसीडी ती नोंद पुसतं, ॲपला खबर जाते आणि ते कींची वाटणी नव्याने करतं. कीपासून काढलेल्या आकड्याला सर्व्हरच्या संख्येने भागून उरलेल्या बाकीने वाटणी केली असेल तर चाराचे तीन सर्व्हर होताच पाऊण कींचं घर बदलतं आणि तो सगळा भार डेटाबेसवर कोसळतो. कन्सिस्टंट हॅशिंग या वाटणीच्या पद्धतीत फक्त मेलेल्या सर्व्हरचा वाटा, म्हणजे साधारण पाव कीच हलतात. तरीही क्षणभर नेटवर्क डुलकलं म्हणून सर्व्हरला मेलेला ठरवणं महाग पडतं. आम्ही आता लीज तीस सेकंदांची केली आहे. तेवढा वेळ काही विनंत्या थेट डेटाबेसला जातात, ते परवडतं.

खरी गंमत दोन्ही टीटीएल एकमेकांत अडकतात तेव्हा. समजा, दुसऱ्या सर्व्हरची लाइन तुटली, मेमकॅश्ड मात्र आत चालूच आहे. त्याच्यापाशी सोयाबीन ४,२०० आहे, टीटीएल पंधरा मिनिटांचा. लीज संपली, ती की तिसऱ्या सर्व्हरकडे गेली. दरम्यान भाव ४,३५० झाला, तो तिसऱ्यावर लिहिला गेला. पाच मिनिटांनी लाइन आली, शेजाऱ्याने नवी लीज घेतली, आणि सोयाबीनची की पुन्हा दुसऱ्याच्या वाट्याला आली. आणि त्याच्यापाशी ४,२००, मुदत अजून शिल्लक! नोंदवही म्हणते सर्व्हर जिवंत, कॅश म्हणते माहिती ताजी. दोघंही आपापल्या हिशोबाने खरं बोलतात, आणि ट्रॅक्टर भरून निघालेल्या शेतकऱ्याला मोबाइलवर जुना भाव दिसतो.

हे टाळायला आमच्या शेजाऱ्यात एक ओळ वाढवली: लीज एकदा हातची गेली असेल, तर परत नाव नोंदवण्याआधी मेमकॅश्डला ‘फ्लश ऑल’, म्हणजे सगळं पुसून टाकायची कमांड, द्यायचं. रिकाम्या हाताने परतलेला सर्व्हर पहिली काही मिनिटं डेटाबेसला त्रास देतो, तेवढा देऊ दे.