तळ्यातला गणपती: सारसबागेखालचं पाणी

पुण्याला समुद्र नाही, पण चौपाटी आहे. सारसबागेला लागून भेळ, पाणीपुरी, पावभाजीचे गाळे ओळीने उभे आहेत आणि सगळं शहर त्या ओळीला चौपाटीच म्हणतं. नाव मुंबईवरून आलं, हे उघड आहे. तरी त्या गाळ्यांकडे पाठ करून बागेकडे तोंड केलं की ते नाव अगदीच परकं वाटत नाही. समोरची हिरवळ खोलगट आहे, मधोमध उंचवटा आहे आणि त्या उंचवट्यावर देऊळ आहे. जमिनीचा हा आकार तळ्याचा आहे. पावणेतीनशे वर्षांपूर्वी इथे खरोखरच पाणी होतं आणि आज देऊळ आहे ती जागा बेट होती.

माझी आजी ‘सारसबाग’ असं कधी म्हणाली नाही. संकष्टीला ती ‘तळ्यातल्या गणपतीला जाऊन येते’ म्हणायची. लहानपणी मला तळं म्हणजे देवळाभोवतीचं कमळांचं छोटं पाणी वाटायचं. आजीच्या बोलण्यातलं तळं त्याहून कितीतरी मोठं होतं, हे फार उशिरा कळलं. शहराच्या जुन्या गोष्टी अशाच राहतात. पाणी जातं, पण ‘तळ्यातला’ हा शब्द घराघरांत टिकतो.

गोष्ट सुरू होते नानासाहेब पेशव्यांपासून. १७४० साली ते गादीवर आले तेव्हा पुणं वाढायला लागलं होतं. नव्या पेठा वसत होत्या, सरदारांचे वाडे उठत होते आणि एवढ्या माणसांना पाणी पुरवायचं कसं, हा प्रश्न मोठा होत चालला होता. नदी जवळ होती, पण उन्हाळ्यात तिचा भरवसा नव्हता. नानासाहेबांनी नजर टाकली ती दक्षिणेला, कात्रजच्या डोंगरावर. तिथून निघणाऱ्या आंबिल ओढ्यावर बांध घालून त्यांनी तळी बांधली. तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. कुठे मोट नाही, रहाट नाही, फक्त उतार. वाटेत ठिकठिकाणी नळाला हवा मिळावी आणि गाळ काढता यावा म्हणून उभे झरोके ठेवले, त्यांना उच्छ्वास म्हणतात. पाणी श्वास घेतं, असं मानणाऱ्या कारागिरांनी दिलेलं हे नाव आहे आणि मला ते फार आवडतं. याच नळाच्या पाण्यावर काळा हौद, बदामी हौद असे पेठांतले हौद भरायचे.

हाच आंबिल ओढा पुढे पर्वतीच्या पायथ्याशी यायचा. पूर्वी तो आजच्या पेठांच्या जागेतून वाहत मुठेला मिळत असे. पेशव्यांच्या काळात त्याला वळवलं गेलं आणि पेठा वसवायला जागा मोकळी झाली. १७५० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्याच ओढ्याच्या पाण्यावर, पर्वतीच्या पायथ्याशी तळं खणायला घेतलं. टेकडीवरचं देवदेवेश्वराचं देऊळ नुकतंच, १७४९ मध्ये, उभं राहिलं होतं. वर देव, खाली पाणी, मध्ये पायऱ्या. आपल्याकडच्या देवस्थानांची ही ओळखीची मांडणी आहे. ती इथे माणसांनी हातांनी घडवली.

या खणण्याची एक गोष्ट पुण्यात सांगतात. काम फार रेंगाळलं होतं. नानासाहेब हत्तीवरून पर्वतीला निघाले असताना त्यांनी ते पाहिलं. कुणाला काही बोलले नाहीत. हत्तीवरून उतरले आणि स्वतः धोंडे उचलायला लागले. पेशवा मातीत उतरला म्हटल्यावर बरोबरचे सरदार-दरकदार कुठले उभे राहतात! तेही उतरले आणि कामाने वेग घेतला. आख्यायिका म्हणून ती ऐकावी. पण तळ्याबद्दल शहराला काय वाटत होतं, ते तिच्यातून समजतं. हे काम राजाने फर्मान काढून दुसऱ्याकडून करून घेतलं, असं लोकांना सांगायचं नव्हतं. त्यांना सांगायचं होतं की त्याने हात लावला.

तळं खणताना मध्ये साधारण २५ हजार चौरस फुटांचं एक बेट राखलं गेलं. पुढे त्यावर बाग फुलवली आणि नानासाहेबांनी तिचं नाव ठेवलं सारसबाग. संस्कृतात सरस् म्हणजे तळं. जे तळ्याचं, ते सारस. तळ्याकाठी वावरणाऱ्या त्या उंच पक्ष्याचं नावही त्यावरूनच आलं. म्हणजे बागेच्या नावातच पाणी भरून ठेवलेलं आहे. आज ते नाव आपण रिक्षावाल्याला सांगतो, बसच्या पाटीवर वाचतो, आणि पाण्याचा विचारही मनात येत नाही.

बेटाला काठापासून नावेने जावं लागे. पेशवे तळ्यात नौकाविहार करत आणि महत्त्वाची खलबतं नावेतच होत, असं सांगितलं जातं. नावेला पडदे लावलेले असत आणि वल्ही मारायला मराठी न समजणारे हबशी नावाडी ठेवलेले असत, म्हणजे ऐकलेलं बाहेर जाणार नाही. वाड्यात भिंतींना कान असतात. पाण्याच्या मध्यावर ते नसतात. आख्यायिका असली तरी तिच्यातला हिशोब पक्का आहे.

देऊळ आलं ते १७८४ मध्ये. सवाई माधवरावांच्या नावाने बेटावर छोटं मंदिर बांधून सिद्धिविनायकाची स्थापना झाली. सवाई माधवरावांचा जन्म १७७४ चा, म्हणजे पेशवे तेव्हा दहा वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. दहा वर्षांच्या मुलाच्या नावाचं हे देऊळ आज पुण्यातल्या लहान मुलांचं सगळ्यात लाडकं देऊळ आहे, हा योगायोगच, पण गोड आहे. थंडी पडली की इथल्या गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. मूर्ती लहानशी, पांढरी. स्वेटर घातलेल्या त्या मूर्तीसमोर उभी असलेली मुलं हात जोडायचं विसरून नुसती बघत राहतात. मोठी माणसंही थोडा वेळ तशीच बघतात.

तळ्याच्या काठावरचा परिसर हे पेशवाईतलं शहराबाहेरचं विसाव्याचं ठिकाण होतं, पण तिथे राजकारणही पुष्कळ झालं. पानिपतचा घाव बसल्यावर खचलेले नानासाहेब पर्वतीवरच राहायला गेले आणि २३ जून १७६१ रोजी तिथेच वारले. म्हणजे ज्या पाण्याचं स्वप्न त्यांनी पाहिलं, त्याच्याकडे बघत त्यांचे शेवटचे दिवस गेले असणार. तळ्याच्या काठीच हिराबाग होती. तिथे दुसऱ्या बाजीरावाने १८०३ मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया या इंग्रज प्रवाशाचा पाहुणचार केला. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता. श्रावणात दूरदूरहून आलेल्या शास्त्री-पंडितांना तिथे दक्षिणा वाटली जायची. पुढे मुंबईचा इंग्रज गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळात त्याच दक्षिणेच्या परंपरेतल्या पैशातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. आणि पर्वतीवर ती खिडकी आजही दाखवतात, जिथून बाजीरावाने ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई पाहिली म्हणतात. दहा-बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं.

पेशवाई गेली आणि तळ्याचा धनी गेला. बांधलेलं पाणी हे सतत राखावं लागतं. गाळ काढायचा, बांध बघायचा, ओढ्याच्या वाटा मोकळ्या ठेवायच्या. हे करणारी माणसं पांगली की तळं तळं राहत नाही. पर्वतीच्या तळ्याचंही तसंच झालं. मात्र परिसराची ओढ टिकून होती. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १८८५ मध्ये पुण्यात भरायचं ठरलं तेव्हा जागा निवडली होती ती पर्वतीजवळची पेशव्यांची बागच. शहरात पटकीची साथ आली म्हणून अधिवेशन मुंबईला, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावं लागलं. नाहीतर देशाच्या इतिहासातलं एक मोठं पान या काठावर लिहिलं गेलं असतं.

एक पान इथे लिहिलं गेलं, ते मात्र आपण फार कमी वाचतो. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वती मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज पुढे होते. काकासाहेब गाडगीळ आणि एस. एम. जोशींसारखी माणसं बरोबर होती. अस्पृश्य मानलेल्या माणसांना त्या १०३ पायऱ्या चढून देवाचं दर्शन हवं होतं. वर दार बंद होतं आणि खाली सत्याग्रहींवर दगड आले. तेव्हा दार उघडलं नाही. टेकडीखालचं तळं, बाग, देऊळ यांची गोष्ट सांगताना हा दिवस वगळणं मला चुकीचं वाटतं. आज संध्याकाळी ज्या पायऱ्यांवर पुणेकर धापा टाकत व्यायाम करतात, त्याच या पायऱ्या.

विसाव्या शतकात तळ्याचं पाणी पूर्णपणे गेलं. साचलेलं, हिरवट पाणी आणि त्यावरचे डास हा तोवर शहराला त्रास झाला होता. तळ हळूहळू बुजला आणि महापालिकेने त्या जागेवर सार्वजनिक बाग केली. बाजूला १९५३ मध्ये पेशवे पार्क झालं, प्राणिसंग्रहालयासह. १९५६ मध्ये तिथे फुलराणी धावू लागली. पुण्यातल्या दोन-तीन पिढ्यांचा पहिला आगगाडीचा प्रवास हाच. झाडांमधून गाडी वळायची, एका बाजूला पिंजरे दिसायचे, शिट्टी वाजायची आणि संपूच नये असं वाटताना स्टेशन यायचं. पुढे प्राण्यांना कात्रजच्या मोठ्या उद्यानात हलवलं, ते योग्यच झालं. त्या पिंजऱ्यांमधली घुसमट लहानपणी कळत नव्हती, आता आठवली की अंगावर येते. फुलराणी मात्र राहिली. आणि प्राणी गेले ते कात्रजला, म्हणजे आंबिल ओढा जिथून येतो तिकडेच!

बाग झाली, रस्ते झाले, स्वारगेटची गर्दी बागेच्या दारापर्यंत आली. पण पाण्याने हा परिसर सोडलेला नाही. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा उजवा कालवा पर्वतीच्या टेकडीला वळसा घालून जातो. शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचं पाणी पुरवणारं पर्वती जलकेंद्र टेकडीच्याच परिसरात आहे. ‘गुरुवारी पाणी बंद’ ही सूचना निघते तेव्हा कारण बहुधा पर्वतीचंच असतं. नानासाहेबांनी पाण्यासाठी निवडलेली जागा शहराने वेगळ्या यंत्रांनी पुन्हा निवडली.

आणि ते पाणी कधी कधी आठवण करून देतं. २७ सप्टेंबर २०१८ ला जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली आणि भर दिवसा दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी शिरलं. त्या दिवशी ढगातून थेंबही आला नव्हता, असं तिथली माणसं अजून सांगतात. शेकडो संसार चिखलात गेले. जवळपास एक वर्षाने, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, कात्रजच्या बाजूला कोसळलेल्या पावसाने आंबिल ओढा फुगला आणि अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल असा आपल्या वाटेतला सगळा भाग घेऊन गेला. पुण्यात आणि आसपास वीसहून अधिक माणसं त्या पावसात गेली. वळवलेल्या, अरुंद केलेल्या, भिंतींत कोंडलेल्या ओढ्याकाठी ज्यांना घर परवडतं, त्यांच्याच वाट्याला हे येतं. पुण्याच्या पुराबद्दल बोलताना आपण १९६१ ची पानशेतची धरणफुटी आठवतो. आंबिल ओढ्याचं नाव मात्र त्या रात्रीपर्यंत अनेकांना ठाऊकच नव्हतं. सारसबागेत हिरवळीवर डबे उघडून बसणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं की ही बाग त्याच ओढ्याच्या पाण्यावर जन्मली?

दिवाळीत पाडव्याच्या पहाटे बागेत या. अंधार असतानाच माणसं येऊ लागतात. नवे कपडे, अंगाला उटण्याचा वास, हातात पणत्या. बघता बघता हिरवळीच्या उतारावर हजारो दिवे लागतात. मी गेल्या वेळी देवळाच्या पायऱ्यांवर उभं राहून खाली पाहत होतो. चारही बाजूंनी दिव्यांची किनार, मध्ये काळोख, आणि त्या काळोखातून वर आलेला देवळाचा उंचवटा. तळ्याचा काठ त्या वेळी अगदी स्पष्ट दिसतो. शेजारी एक आजोबा नातीला बोट धरून उभे होते. तिने कमळांच्या पाण्याकडे बघून विचारलं, ‘आजोबा, तळ्यातला गणपती म्हणतात ते तळं हेच का?’ आजोबांनी तिला उचलून घेतलं आणि हात लांब करून दिव्यांच्या त्या सगळ्या किनारीवरून फिरवला.