रिपोर्टमधली एक ओळ

तासगावच्या आमच्या मामांच्या मानेला गाठ आली. सुई घालून तपासली आणि चार महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. आपल्याकडे मानेची गाठ म्हटली की आधी टीबीच आठवतो, आणि बऱ्याचदा तो असतोही. पण ही गाठ वाढतच गेली. शेवटी मिरजेत ती अख्खी काढून तपासली: बी पेशींचा (रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा) लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर, 'सीडी-२० पॉझिटिव्ह'. या शेवटच्या शब्दांवर डॉक्टरांनी बोट ठेवलं. नुसत्या सुईच्या तपासणीत लिम्फोमाचा नेमका प्रकार अनेकदा कळत नाही, आणि पुढचं औषध तर त्यावरच ठरतं.

सीडी-२० हे बी पेशींच्या अंगावरचं प्रथिन. प्रतिपिंड म्हणजे ठरावीक निशाण्याला चिकटणारं प्रथिन (अँटिबॉडी); सीडी-२० लाच जाऊन चिकटणारं असं प्रतिपिंड म्हणजे रिटुक्सिमॅब हे औषध. एकाच निशाण्याची प्रतिपिंडं हवी तेवढी बनवायची रीत क्योलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण ती प्रतिपिंडं उंदराची होती, माणसाचं शरीर त्यांना परकं मानायचं. म्हणून रिटुक्सिमॅबमध्ये चिकटणारी टोकं उंदराची ठेवून बाकीचा भाग माणसाचा जोडला. तो भाग ओळखून आपल्याच मारक पेशी गाठीवर तुटून पडतात. १९९७ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

मला खरं थक्क करतं ते वेगळंच. हे औषध निरोगी बी पेशीही मारतं. पण त्या जिथून जन्मतात त्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवर सीडी-२० नसतंच. मामांना म्हटलं, "मामा, खरड छाटणीच ही. ओलांडे शाबूत आहेत, फूट पुन्हा येणार." खरड छाटणीत द्राक्षाच्या काड्या छाटतात, पण ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे मुख्य हात, ठेवतात; द्राक्षवाल्या माणसाला हे लगेच पटलं. ती फूट यायला उपचार संपल्यावर सहा-नऊ महिने लागतात, तोवर जंतूंपासून जपायचं.

आधी नुसती 'चॉप' ही चार औषधांची केमो असायची. तिच्याहून कडक केमोनंही जास्त जीव वाचत नव्हते. २००२ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांच्या चाचणीचे निकाल आले: झपाट्यानं वाढणारा लिम्फोमा असलेले साठ ते ऐंशी वयाचे ३९९ रुग्ण. नुसत्या चॉपवर दोन वर्षांनी शंभरातले ५७ हयात, रिटुक्सिमॅब जोडल्यावर ७०. भारतीय बनावटीचं रिटुक्सिमॅब २००७ मध्ये आलं, तेव्हा कुठं ते आपल्या आवाक्याजवळ आलं.

देण्याआधी हिपॅटायटिस बी तपासतात, कारण दबलेली कावीळ या औषधानं उसळू शकते. पहिल्या दिवशी मामांना हुडहुडी भरली, तेव्हा सलाइन थांबवून पुन्हा हळू सुरू केलं. तिसऱ्या डोसानंतर गाठ हाताला लागत नाही. एप्रिलच्या छाटणीला बागेत जायचं म्हणतात; डॉक्टर अजून नको म्हणतात.