फड पद्धती
खानदेश व बागलाणातील समाईक सिंचनाची जुनी पद्धती. पांझरा, कान, मोसम व आरम या तापी खोऱ्यातील नद्यांवर बंधारे घालून ती रूढ झाली. मोसम-आरमचा प्रदेश 1869 मध्ये नाशिक जिल्ह्यात गेला असला, तरी तेथील फड (बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीचे विभाग) खानदेशी परंपरेपासून वेगळे काढता येत नाहीत.

बंधाऱ्यांच्या काळाविषयी एकमत नाही. काही जण ते खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या अमदानीतील (1382–1601) मानतात. लोकपरंपरा अनेक बंधाऱ्यांचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना (कारकीर्द 1767–95) देते. मात्र त्यांच्या नावावर सांगितली जाणारी बांधकामे महाराष्ट्रात इतकी आहेत की केवळ परंपरेवर विसंबणे धोक्याचे. बहुधा सतराव्या शतकापर्यंत पद्धती स्थिरावली असावी. सर्व बंधाऱ्यांची बांधणी एकसारखी नाही. त्यामुळे ते कोणा एका राजवटीचे काम नसून टप्प्याटप्प्याने उभे राहिले व पुढच्या सत्तांनी त्यांची डागडुजी केली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नदीपात्रात उघडा पडलेला कातळ पाहून त्यावर दगड-चुन्याचा बंधारा घालीत. पाणी पाटातून चाऱ्यांत, चाऱ्यांतून सारंगांत (शेताला पाणी देणाऱ्या छोट्या पाटांत) व तेथून वाफ्यांत जाई. उरलेले सांडमावाटे (निचऱ्याच्या चरावाटे) नाल्यात किंवा नदीत परते. लाभक्षेत्राचे बहुधा तीन-चार फड पाडीत. एका फडात सर्वांचे पीक एकच, आणि ते दरवर्षी फिरते: यंदा ऊस असलेल्या फडात पुढे हंगामी पीक. प्रत्येक शेतकऱ्याची प्रत्येक फडात थोडी जमीन असल्याने टंचाईची झळ सगळ्यांना सारखी बसे. शेताला पाणी मालक देत नसे, पाटकरी देई. फावड्याने सारंगाचे तोंड फोडायचे, वाफा भरला की चिखलाने बुजवून पुढचे तोंड फोडायचे, असे रात्रंदिवस चाले. राखणीला जागल्या असे. मेहनताना धान्यात मिळे.

प्रसिद्ध अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यातील सुरुवातीची नोकरी याच भागात झाली. पांझरेखालून त्यांनी नळाची वक्रनलिका (सायफन) नेली. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी सुचविलेल्या गट पद्धतीतही पिकांची फेरपालट होती. फडांवरूनच ती सुचली, असे अनेकदा लिहिले जाते. साम्य उघड आहे, पण तेवढ्याने उगम सिद्ध होत नाही.

मोसमवरील हरणबारी, आरमवरील केळझर व पांझरेवरील अक्कलपाडा या धरणांनंतर वाहते पाणी आवर्तनांवर, म्हणजे धरणातून ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, आले. विहिरी वाढल्या, तशी एकपिकाची शिस्तही सैल पडली. काही बंधाऱ्यांवर पाटकरी अजून नेमला जातो.